बॅले कॉम्पिटिशनमधे परीक्षक मुलांमधे काय बघतात, आणि घरी त्याची तयारी कशी करायची

आमच्या बडोद्यात भरतनाट्यमचं कुणालाही विचारा, चार नावं लगेच मिळतील, सयाजीरावांच्या काळात तंजावरहून नर्तकी आल्या तेव्हापासूनची ती हवा आहे इथे. बॅलेचं तसं नाही. भाचीचा व्हिडिओ कॉम्पिटिशनला पाठवायचं ठरलं तेव्हा विचारायला जवळपास कोणीच नव्हतं, मी स्वतः बारा वर्षं भरतनाट्यम केलेलं, म्हणून शोधून शोधून जे कळलं ते लिहितेय.

आधी हे समजून घ्या की बक्षीस काय असतं. स्वित्झर्लंडचं प्री द लोझान 1973 पासून चालू आहे, 15 ते 18 वर्षांच्या मुलांसाठी, आणि तिथे जिंकणं म्हणजे मोठ्या बॅले स्कूलमधे किंवा कंपनीत शिकायची स्कॉलरशिप. न्यूयॉर्कचं यूथ अमेरिका ग्रां प्री 1999 मधे सुरू झालं, त्यात 9 ते 19 वयाची मुलं असतात, तिथेही स्कॉलरशिप हाच मोठा भाग. आता बक्षीसच पुढचं शिक्षण असेल तर परीक्षक हेच बघणार ना, की हिला दोन वर्षं चांगल्या हाताखाली ठेवली तर ही कुठे पोचेल. लोझानला तर मुलं आठवडाभर क्लास करतात, परीक्षक समोर बसून बघतात आणि त्या क्लासचेही मार्क धरतात.

म्हणून घरी सगळ्यात जास्त वेळ एकाच गोष्टीवर घालवा, करेक्शन घेणं. आम्ही असं केलं, तिला एक अडाजियो, म्हणजे तोल सांभाळत संथ लयीत करायचा व्यायाम, करायला लावला, शूट केला, मग फक्त एवढंच सांगितलं की उजवा खांदा कानाकडे चढतोय, आणि लगेच परत शूट केला. दुसऱ्या वेळी खांदा खाली आला पण मान ताठ झाली आणि चेहऱ्यावर "बरोबर करतेय ना मी" असं लिहिलेलं! सहाव्या-सातव्या दिवशी कधीतरी सांगितलेलं शरीरात गेलं आणि चेहरा मोकळा राहिला, आणि मला वाटतं परीक्षकांना जे बघायचं असतं ते हेच. क्लासमधे टीचर दुसऱ्या मुलीला काही सांगत असेल तर तेही आपल्यावर लावून बघायची सवय लावा, हे पटकन दिसून येतं.

शरीराबद्दल. हो, बघतात, प्रमाण, पावलाची कमान, पाठीची लवचिकता, आणि टर्नआउट, म्हणजे पाय खुब्यातून बाहेर वळणं. भरतनाट्यमवाल्या मुलींना अरमंडीमुळे, म्हणजे गुडघे बाजूला वळवून अर्धं बसण्यामुळे, ही कल्पना आधीच असते, पण गुडघा आणि पाऊल पिळून टर्नआउट दाखवायचा मोह होतो, तो अजिबात नको. प्लिए, म्हणजे गुडघे वाकवून खाली जाणं, करताना गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत जातोय का एवढंच बघा, नसेल जात तर पाऊल तेवढं कमी उघडा, कमी दिसलं तरी चालेल. खोटा टर्नआउट जाणकाराला पहिल्या मिनिटात कळतो आणि गुडघे मुलीचे जातात. आणि पॉइंट शूजची, म्हणजे बोटांच्या टोकावर उभं राहायच्या कडक बुटांची, घाई करू नका, आठ वर्षांच्या पोरीला शूज घालून उभं केलेलं मी पाहिलंय, अजून त्रास होतो आठवलं की. साधारण 11-12 वय आणि घोट्यात, पोटात ताकद, दोन्ही पाहिजे.

मग संगीत. आठ मोजून हालचाल बसवणं वेगळं आणि सूर लांबला की हात लांबणं वेगळं. तिने कधी न ऐकलेला तीनच्या ठेक्यातला पियानो लावा आणि साधा तांद्यू, म्हणजे पाय जमिनीवरून सरकवत ताणणं, करायला सांगा, कुठे श्वास घेते बघा.

व्हेरिएशन, म्हणजे कॉम्पिटिशनमधे करायचा एकटीचा नाच, निवडताना सगळ्यात अवघड घेऊ नका. डगमगत्या तीन पिरुएतपेक्षा, म्हणजे एका पायावरच्या गिरक्यांपेक्षा, स्वच्छ दोन आणि शांत उतरणं कितीतरी चांगलं. भाचीसाठी मी आधी हट्टाने कठीण घेतलं होतं, तीन आठवडे फुकट गेले, ती नाचायचीच नाही, नुसती पुढच्या उडीची वाट बघायची. लोझानचं स्टेज तर प्रेक्षकांकडे 3.6 टक्के उतरतं असतं, सपाट जमिनीवर जेमतेम तोल सांभाळणारं मूल तिथे पुढे कलंडतं.

व्हिडिओचं सांगते. आमचं घर दांडिया बाजारातलं जुनं, फरशी गार आणि कडक, उड्या तिथे करायच्याच नाहीत, त्यासाठी लाकडी फ्लोअरचा हॉल तासाभरासाठी घेतला. बारचे, म्हणजे क्लासमधे दांडा धरून करतात ते, व्यायाम घरी, जड लाकडी खुर्ची धरून. पहिल्या वेळी मोबाईल कपाटावर ठेवला आणि वरून शूट झाल्यामुळे पाय आखूड दिसले, पावलं तर अर्धी कापलीच गेली. मग स्टुलावर, तिच्या कमरेच्या उंचीला ठेवला, डोक्यापासून बोटांपर्यंत सगळं फ्रेममधे. व्यायामाच्या मधे कट मारायचा नाही, कपडे अंगाबरोबरचे, भिंत साधी.

सुरू करायला उशीर झालाय का असं बऱ्याच वहिनी विचारतात. मुंबईच्या वेल्डरचा मुलगा अमीरुद्दीन शाह, येहुदा माओर सरांकडे शिकून 2017 मधे लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमधे गेला, आणि त्याने बॅले सुरू केलं तेव्हा तो काही चार-पाच वर्षांचा नव्हता.

आमचा व्हिडिओ गेल्या रविवारी गेला. सोमवारी सकाळी भाची परत खुर्ची धरून उभी, म्हणाली, आत्या, खांदा बघ ना.