चिनी नावासाठी ‘जिन’ अक्षर घेताय? या चुका टाळा

चिनी शिकायला लागलं की लवकरच स्वतःसाठी चिनी नाव निवडायची वेळ येते. ‘जिन’ हे अक्षर अनेकांना आवडतं. अर्थही देखणा: उत्तम प्रतीचं जेड, म्हणजे चीनमध्ये फार मानाचा मौल्यवान दगड.

आता मोबाइलच्या चिनी कीबोर्डवर ‘जिन’ टाइप करून बघा. उच्चार तोच, सूर तोच, उजवा अर्धा भागही तोच, अशी तीन-चार अक्षरं समोर येतात. फरक फक्त डावीकडे. तिथे वाणीची खूण असेल तर अर्थ ‘सावध’, झाडाची असेल तर जास्वंदीच्या कुळातलं फूल, आणि अन्नाची असेल तर चक्क दुष्काळ! नावाचा शिक्का कोरायला देण्याआधी डावी बाजू डोळ्यांत तेल घालून तपासा.

जेडची ती खूण ‘राजा’ या अक्षरासारखी दिसते, म्हणून ‘राजाचं रत्न’ असा अर्थ सांगितला जातो. तो चूक आहे. ते मुळात ‘जेड’चंच अक्षर, डावीकडे बसताना त्याचा ठिपका गळतो आणि तळाची रेघ तिरपी वर चढते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे शब्दकोशावर थांबणं. प्राचीन साहित्यात ‘जिन’ अनेकदा ‘यू’ या दुसऱ्या जेडच्या जोडीने येतं. छू राज्याचा कवी छ्यू युआन म्हणतो, उराशी जिन आहे, मुठीत यू आहे, पण दाखवू कोणाला? म्हणजे हे जेड दागिन्याचं नाही, कदर न झालेल्या गुणांचं आहे. ही जोडी पुढे नावांतही उतरली. तीन राज्यांच्या काळातला सेनापती झोउ यू, त्याचं उपनाम (मोठेपणी मिळणारं दुसरं नाव) गोंगजिन. त्याच्याच राज्यातला झुगे जिन, त्याचं उपनाम झियू. मला हे फार सुंदर वाटतं.

पुरुषांची ही उदाहरणं पाहून अक्षर फक्त मुलग्यांचं समजू नका. 1907 मध्ये देहदंड झालेली क्रांतिकारक छ्यू जिन हिचं मूळ नाव ग्वेजिन होतं. ‘ग्वे’ म्हणजे घरातली बायकांची खोली. जपानला गेल्यावर तिने तेवढंच अक्षर टाकलं, ‘जिन’ ठेवलं.

आणखी एक. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला कौतुकाने ठेवतात; चिनी घरात वडीलधाऱ्यांच्या नावातलं अक्षर मुलाला देणं टाळतात. चिनी कुटुंबाशी सोयरीक असेल, तर बाळाचं नाव ठरवण्याआधी आजी-आजोबांची नावं कोणत्या अक्षरांनी लिहितात ते विचारून घ्या.