कीक्लोकचं होस्टनेम बदलताना या चुका टाळा

कंपनीने डोमेन बदललं, किंवा चाचणीपुरतं दिलेलं नाव प्रॉडक्शनमध्ये तसंच राहून गेलं, की कधीतरी लॉगिन सर्व्हरचं होस्टनेम बदलायची वेळ येते. साध्या वेबसाइटचं काम डीएनएस, सर्टिफिकेट आणि एका रीडायरेक्टवर भागतं. अनेक अ‍ॅप्सचं लॉगिन एकाच जागी सांभाळणाऱ्या कीक्लोक या सर्व्हरचं भागत नाही. तो प्रत्येक टोकनमध्ये, म्हणजे लॉगिननंतर अ‍ॅपला मिळणाऱ्या डिजिटल ओळखपत्रात, ‘इश्युअर’ (देणारा) म्हणून स्वतःचा पूर्ण पत्ता लिहितो आणि समोरचं अ‍ॅप तो अक्षरशः जुळवून बघतं. शेवटी एक स्लॅश जास्त आला तरी टोकन नाकारलं जातं. त्यामुळे सर्व्हरला हात लावण्याआधी हा पत्ता कुठेकुठे लिहून ठेवलाय, त्याची यादी करा. खरं काम तेच आहे.

रीडायरेक्टवर विसंबणं

जुन्या नावावरून नव्यावर ३०१ (कायमचं रीडायरेक्ट) लावलं की झालं, असं वाटतं. पण टोकन मागणारी विनंती पोस्ट (माहिती पाठवणारी) असते आणि ३०१ नंतर बरेच क्लायंट तिची गेट (नुसती मागणारी) करून टाकतात. ३०८ वापरलात तर पद्धत टिकते, तरीही प्रश्न सुटत नाही. अ‍ॅपने जुन्या पत्त्यावर डिस्कव्हरी डॉक्युमेंट (लॉगिन सर्व्हरचे पत्ते सांगणारी फाइल) मागितलं आणि आत इश्युअर नवा निघाला, तर ओपनआयडी कनेक्ट (ओआयडीसी) या लॉगिनच्या मानकाच्या नियमाप्रमाणे त्याने ते नाकारायलाच हवं. रीडायरेक्ट ठेवा, पण लोकांच्या ब्राउझरमधल्या बुकमार्कपुरतंच.

वापरकर्त्यांची खाती तशीच राहतील असं धरून चालणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि ते लगेच दिसतही नाही. माणसाची पक्की ओळख म्हणजे इश्युअर आणि ‘सब’ (टोकनमधला वापरकर्त्याचा क्रमांक) ही जोडी, असं ओपनआयडी कनेक्ट सांगतं. नियम नीट पाळणारी अ‍ॅप्स हीच जोडी डेटाबेसमध्ये ठेवतात. इश्युअर बदलला की त्यांच्या लेखी तो नवा माणूस. लॉगिन सुरळीत होतं, एररही येत नाही, फक्त खातं रिकामं दिसतं. प्रत्येक अ‍ॅपचं युजर टेबल आधी उघडून बघा. इश्युअरचा रकाना असेल, तर बॅकअप घेऊन नाव बदलतानाच तोही बदला.

कंटेनर चालवणारं कुबरनेटीस वापरत असाल तर आणखी सावध राहा. ओआयडीसीसाठी युजरनेमचा प्रिफिक्स (नावाआधी जोडायचा भाग) तुम्ही दिलेला नसेल आणि युजरनेम ईमेलवरून घेतलं जात नसेल, तर कुबरनेटीस इश्युअरचा पत्ताच प्रिफिक्स म्हणून वापरतो. म्हणजे आरबॅकच्या बाइंडिंगमध्ये (कुणाला कोणते अधिकार, या नोंदींमध्ये) जुनं होस्टनेम लिहिलेलं असतं. एपीआय सर्व्हरवर इश्युअर बदललात आणि बाइंडिंग विसरलात, तर लोक आत येतील, पण त्यांना काहीच करता येणार नाही.

पासकीचा विचार न करणं

पासवर्ड आणि ओटीपी अ‍ॅपमधले कोड होस्टनेमशी बांधलेले नसतात, ते चालत राहतात. पासकी आणि सिक्युरिटी की मात्र डोमेनला बांधलेल्या असतात. कीक्लोकमध्ये रिलायिंग पार्टी आयडीचा (पासकी कोणत्या डोमेनची, ते सांगणारा) रकाना रिकामा असेल तर सर्व्हरचं होस्टनेमच धरलं जातं, आणि नव्या नावावर जुनी पासकी ब्राउझर पुढेच करत नाही. ज्यांच्याकडे फक्त पासकी आहे, त्यांना आधीच दुसरा मार्ग द्या. नव्याने नोंदणी करताना त्या रकान्यात मूळ डोमेन भरून ठेवा, म्हणजे पुढे नुसतं सबडोमेन बदललं तर हा त्रास होणार नाही.

एकाच रात्रीत सगळं बदलणं

गरज नाही. कीक्लोकमध्ये प्रत्येक रिअल्मला, म्हणजे वापरकर्ते आणि अ‍ॅप्सच्या स्वतंत्र गटाला, वेगळा फ्रंटएंड यूआरएल (बाहेर दिसणारा पत्ता) देता येतो. दोन्ही नावं एकाच प्रॉक्सीवर आणा, दोन्हींची सर्टिफिकेट ठेवा, रिअल्मना तात्पुरता जुना पत्ता द्या आणि एकेक करून हलवा. कमी महत्त्वाच्या रिअल्मपासून सुरुवात केलेली बरी.

सेटिंग करताना जुने नमुने उचलू नका. होस्टनेमचे पर्याय २०२४ मध्ये आवृत्ती २५ पासून नव्याने मांडले गेले आणि आवृत्ती २६ मध्ये जुने काढूनच टाकले. अ‍ॅडमिन कन्सोलला वेगळा पत्ता द्यायचा असेल, तर मुख्य होस्टनेमही एचटीटीपीएससह पूर्ण लिहावं लागतं. गोंधळ झाला तर होस्टनेम-डीबग चालू करा. कोणता पत्ता कुठून ठरतोय ते एका पानावर दिसतं. काम झालं की ते बंद करा.

गूगलसारख्या बाहेरच्या लॉगिनसाठी त्यांच्याकडे नवा रीडायरेक्ट पत्ता आधीच नोंदवा. सॅमल या जुन्या लॉगिन मानकात सर्व्हरच्या ओळखीतच (एन्टिटी आयडी) होस्टनेम असतं, म्हणून समोरच्या प्रत्येक सेवेला नवा मेटाडेटा पाठवावा लागतो. समोर दुसरी संस्था असेल तर त्यांच्या सवडीचे दिवसही धरा.

बदलानंतर तक्रारी आल्या तर

आधी टोकन उघडून इश्युअर वाचा, मग अ‍ॅपमध्ये काय लिहिलंय ते बघा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं. जुने रिफ्रेश टोकन (पुन्हा लॉगिन न करता नवं टोकन मिळवून देणारे) आता चालणार नाहीत, तेव्हा सगळ्यांना पुन्हा लॉगिन करावं लागेल, हे आधीच कळवा. ऑफलाइन टोकनवर (माणूस हजर नसतानाही चालणाऱ्या दीर्घ मुदतीच्या रिफ्रेश टोकनवर) चालणारी रात्रीची कामं यात हमखास निसटतात.

आणि जुनं डोमेन सोडून देऊ नका. एखादं विसरलेलं अ‍ॅप अजून जुन्या इश्युअरवर विश्वास ठेवत असेल आणि ते डोमेन दुसऱ्या कुणी विकत घेतलं, तर तो तिथे स्वतःच्या किल्ल्या मांडून त्या अ‍ॅपसाठी हव्या त्या नावाचं टोकन बनवू शकतो. जुन्या नावावर येणाऱ्या विनंत्यांचे लॉग बघत राहा. वर्षातून एकदाच चालणाऱ्या स्क्रिप्टही असतात, म्हणून लॉग थोडे दिवस शांत दिसले तरी डोमेनचं नूतनीकरण चालू ठेवा.