कॉम्प्युटरचा आवाज गेला? ड्रायव्हरला हात लावण्याआधी हिरवी पट्टी बघा

कॉम्प्युटरचा आवाज बंद पडला की बरेच जण थेट ड्रायव्हर (म्हणजे कॉम्प्युटरच्या एखाद्या भागाशी विंडोजचा संवाद घडवणारा छोटा प्रोग्रॅम) काढून टाकतात. 'ड्रायव्हर पुन्हा टाका, होईल नीट' असं कुणीतरी सांगितलेलं असतं. पण पुष्कळदा ड्रायव्हर ठणठणीत असतो, आवाज गेलेला असतो भलत्याच कारणाने, आणि या खटपटीत चालू असलेल्या चार गोष्टी बिघडून बसतात. मी नातेवाइकांना, ओळखीच्यांना फोनवरून कॉम्प्युटरची मदत करते. समोरच्याची स्क्रीन मला दिसत नाही, त्यामुळे कोणता प्रश्न आधी आणि कोणता नंतर, हे पक्कं ठरवून ठेवावं लागतं. तोच क्रम इथे लिहिते आहे. विंडोज १० आणि ११ धरून, शेवटी थोडं लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम.

आधी साध्या गोष्टी भराभर उरकून घ्या. स्पीकरचा दिवा लागलाय का, त्याच्या आवाजाची चकती शून्यावर तर नाही ना? स्क्रीनच्या खाली उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर फुली आहे का? लॅपटॉपवर वरच्या ओळीतलं म्यूटचं बटण चुकून दाबलं जातं, तेही बघा. ब्राउझरमध्ये टॅबवर राइट-क्लिक केलं तर 'अनम्यूट साइट' असं दिसतं का? दिसलं, तर ती साइट गप्प केलेली आहे. व्हिडिओच्या चौकटीतलं स्पीकरचं चित्र वेगळं असतं, तेही तपासा.

एवढं करून आवाज आला नाही, तर कोणतंही गाणं लावा आणि ते चालू राहू द्या. पुढच्या तपासणीत गाणं वाजत असणं गरजेचं आहे.

आता कीबोर्डवरचं विंडोजचं बटण धरून आर दाबा. छोटी चौकट उघडेल, तिच्यात इंग्रजी अक्षरांत टाइप करा: एम, एम, एस, वाय, एस, मग टिंब, मग सी, पी, एल. मध्ये जागा सोडायची नाही. एंटर दाबलं की आवाजाची जुनी खिडकी उघडते, तिच्यात 'प्लेबॅक' या भागात आवाज बाहेर काढणाऱ्या सगळ्या उपकरणांची यादी असते. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड असं जाऊन अगदी तळाच्या 'मोअर साउंड सेटिंग्ज' मधूनही इथेच पोचता येतं. प्रत्येक नावाच्या उजव्या बाजूला एक उभी पट्टी दिसेल. गाणं ज्या उपकरणाकडे जातंय त्याची पट्टी हिरवी होऊन वरखाली हलते.

फोनवर मी पहिला खरा प्रश्न हाच विचारते: पट्टी कुठे हलतेय? उत्तरं तीनच असू शकतात आणि प्रत्येकाचा रस्ता वेगळा आहे.

पहिलं उत्तर, पट्टी हलतेय पण भलत्याच नावासमोर. हे फारच वेळा सापडतं. एका काकांनी फोन केला होता, 'अगं, मॉनिटर नवीन आणला, चित्र सुरेख दिसतंय, पण आवाज काही येत नाही.' मी यादी वाचून दाखवायला सांगितली. हिरवी पट्टी हलत होती ती मॉनिटरच्या मॉडेल नंबरासमोर. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट या दोन्ही केबलमधून चित्राबरोबर आवाजही जातो, त्यामुळे विंडोज मॉनिटरलाही आवाजाचं उपकरण समजतं आणि कधी कधी परस्पर त्यालाच मुख्य करून टाकतं. त्या मॉनिटरला स्पीकर नाहीतच, याचा विंडोजला पत्ता नसतो. काकांना म्हटलं, 'स्पीकर्स' या नावावर क्लिक करा आणि खालचं 'सेट डिफॉल्ट' दाबा. झालं काम. मॉनिटर पुन्हा पुन्हा पुढे घुसत असेल तर त्याच्या नावावर राइट-क्लिक करून 'डिसेबल' करा. पुढे कधी तो हवा झाला तर यादीतल्या मोकळ्या जागेत राइट-क्लिक करून 'शो डिसेबल्ड डिव्हायसेस' वर खूण करायची, म्हणजे तो परत दिसतो. आणि तुमचे स्पीकरच यादीत दिसत नसतील, तर तीच खूण सर्वात आधी करून बघा.

ब्लूटूथचे हेडफोन याच गटातले. ते कपाटात चालूच राहिलेले असतात आणि गाणं तिकडे वाजत असतं. विंडोज १० मध्ये एकाच हेडफोनची दोन नावं दिसतात, एक 'स्टिरिओ' आणि एक 'हँड्स-फ्री'. गाणी-सिनेमासाठी स्टिरिओ निवडा. हँड्स-फ्री हे बोलण्यासाठी असतं, माइक चालू ठेवायच्या नादात त्यात आवाजाचा दर्जा पार घसरतो.

दुसरं उत्तर, पट्टी बरोबर नावासमोर हलतेय, तरी शांतता. मग सहसा विंडोजने आपलं काम केलेलं असतं. माउस सोडा आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन कॉम्प्युटरच्या मागे जा. मागच्या गोल भोकांपैकी फिकट हिरवं स्पीकरचं, गुलाबी माइकचं, फिकट निळं बाहेरून आवाज आत घ्यायचं. हे रंग मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांच्या पीसी ९९ या नियमावलीने रूढ केले. काही मदरबोर्डांवर (कॉम्प्युटरमधला मुख्य सर्किट बोर्ड) तिन्ही भोकं काळीच असतात, तिथे शेजारी कोरलेलं बारीक चित्र बघावं लागतं. पिन हिरव्यातच आहे ना, हे हात लावून बघा, अंदाजाने 'हो' म्हणू नका.

पिन अर्धवट बसली असेल तर एक विचित्र प्रकार होतो आणि तो ओळखता आला तर फार वेळ वाचतो. गाण्यातली वाद्यं ऐकू येतात, पण गाणाऱ्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो किंवा गायबच होतो. पिनीवर डावा, उजवा आणि दोघांना सामाईक असे वेगवेगळे पट्टे असतात. सामाईक पट्टा नीट टेकला नाही की डाव्या-उजव्या आवाजांमधला फक्त फरक ऐकू येतो. गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखाच भरलेला असतो, म्हणून नेमका तोच वजा होतो. असं ऐकू आलं तर सेटिंग शोधत बसू नका. पिन टक् असा आवाज येईपर्यंत आत ढकला, नाही जमलं तर दुसरी वायर लावून बघा.

छोट्या स्पीकरना बऱ्याचदा दोन वायरी असतात, एक यूएसबी आणि एक गोल पिन. अशा जोडीत यूएसबी फक्त वीज पुरवतं, आवाज गोल पिनीतून येतो. दिवा लागलाय म्हणजे सगळं जोडलंय असं वाटतं आणि गोल पिन टेबलामागे लोंबकळत असते.

कॅबिनेटच्या पुढच्या बाजूच्या भोकात हेडफोन लावून आवाज येत नसेल तर तोच मागच्या हिरव्या भोकात लावा. मागे आला आणि पुढे नाही, तर पुढचं भोक मदरबोर्डला जोडणारी आतली बारीक वायर सुटलेली असण्याची शक्यता दाट आहे. कॅबिनेट नुकतंच साफ केलं असेल तर हमखास. वीजेचा प्लग काढून मगच उघडा. बोर्डाच्या कडेशी ९ पिनांची, एक जागा रिकामी असलेली जोडणी असते आणि शेजारी बऱ्याचदा 'ऑडिओ' हा शब्द असलेलं लेबल असतं. उलट तक्रार असेल, म्हणजे मागचे स्पीकर गप्प, तर पुढे हेडफोनची पिन राहिली आहे का बघा. ती लावलेली असताना अनेक ड्रायव्हर मागचा आवाज मुद्दाम बंद करतात. शेवटी तेच स्पीकर मोबाइलला किंवा टीव्हीला लावून बघा. तिथेही गप्प असतील तर दोष स्पीकरचा.

तिसरं उत्तर, पट्टी कुठेच हलत नाही. आता दोष विंडोजच्या आत शोधायचा. स्पीकरच्या चित्रावर राइट-क्लिक करून 'व्हॉल्यूम मिक्सर' उघडा, तिथे प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज वेगळा असतो आणि ब्राउझर नेमका शून्यावर असू शकतो. आवाज पूर्ण गेलेला नसून व्हिडिओ कॉलच्या वेळी एकदम दबत असेल तर मघाच्याच जुन्या खिडकीत 'कम्युनिकेशन्स' या भागात जा. कॉल सुरू झाला की बाकीचा आवाज ८० टक्के कमी करायची सोय तिथे आधीपासून निवडलेली असते. 'डू नथिंग' निवडा.

त्यानंतर कॉम्प्युटर रिस्टार्ट करा. बंद करून चालू करणं आणि रिस्टार्ट करणं एकच आहे असं खूप जण समजतात. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर विंडोज आपला गाभा आणि ड्रायव्हर जसे आहेत तसे डिस्कवर साठवून ठेवतं आणि पुढच्या वेळी तेच उचलतं. अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच परत येतो. 'रिस्टार्ट' मध्ये सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून 'मी दोनदा बंद करून बघितलं' असं कुणी म्हटलं तरी मी रिस्टार्ट करायला लावतेच.

तरीही नाही, तर विंडोजच्या शोधात 'सर्व्हिसेस' (पडद्यामागे चालणाऱ्या कामांची यादी) उघडा आणि 'विंडोज ऑडिओ' व 'विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर' या दोन्ही चालू आहेत ना ते बघा.

ड्रायव्हरची पाळी आता येते. विंडोजचं बटण धरून एक्स दाबा, 'डिव्हाइस मॅनेजर' निवडा, 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स' उघडा. अपडेट आल्यापासून आवाज गेला असेल तर उपकरणाच्या 'प्रॉपर्टीज' मध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' मिळतंय का बघा. ते फिकट असेल तर 'अपडेट ड्रायव्हर' मध्ये कॉम्प्युटरवरच्याच यादीतून निवडायचा पर्याय घ्या आणि 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' निवडा. हा मायक्रोसॉफ्टचा साधा ड्रायव्हर आहे, त्यात सोयी कमी पण आवाज बहुधा येतो. नवा ड्रायव्हर घ्यायचा तर लॅपटॉप किंवा बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. सगळे ड्रायव्हर आपोआप शोधून देतो म्हणणारे प्रोग्रॅम कृपा करून टाकू नका. उपकरण यादीतच नसेल तर कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ २ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मूळ सेटिंग्जची स्क्रीन) जा आणि बोर्डावरचा ऑडिओ 'एनेबल्ड' आहे का तपासा.

लिनक्सवर टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, अल्सामिक्सर हा आवाजाच्या पातळ्या दाखवणारा प्रोग्रॅम चालवा. एखाद्या खांबाखाली दोन एम दिसले तर तो म्यूट आहे, बाणाने त्यावर जाऊन एम दाबा. भलतंच कार्ड समोर आलं असेल तर एफ ६ ने बदला.

विंडोजवाल्यांनाही लिनक्सचा एक उपयोग आहे. पेन ड्राइव्हवरून, काहीही इन्स्टॉल न करता, लिनक्स सुरू करा आणि गाणं लावा. तिथे आवाज आला तर हार्डवेअर शाबूत आहे, विंडोजवर आणखी वेळ घालवायला हरकत नाही. तिथेही नाही आणि वायरी, स्पीकर तपासून झाले असतील, तर बोर्डावरची ऑडिओ चिप गेली असं धरून चाला. त्यासाठी अख्खा बोर्ड बदलायची गरज नाही. यूएसबीचं छोटं साउंड कार्ड मिळतं, ते बहुतेकदा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतं. ते लावा, प्लेबॅकच्या यादीत मुख्य करा आणि बायोसमधून बोर्डावरचा ऑडिओ बंद करून टाका, म्हणजे विंडोज परत त्या बिघडलेल्या चिपकडे वळणार नाही.