सरपणाला निघालात? आधी जमीन कोणाची ते बघा

संक्रांत उलटली की पानगळ लागते आणि गावात सरपणाच्या गोष्टी सुरू होतात. सुगी आटोपलेली असते, तूर खळ्यावर आलेली असते, ऊन अजून चटका देत नाही. मृग लागायच्या आत पडवीत चार महिन्यांचं जळण रचलेलं हवं. गॅस घरोघर आला हे खरं, पण अंघोळीच्या पाण्याचा बंब, भाकरीची चूल आणि लग्नकार्यातलं चुलवण काही सुटलेलं नाही. आणि दरवर्षी याच दिवसांत कोणाची तरी कुऱ्हाड, सायकल, नाहीतर अख्खी बैलगाडी वन विभागाच्या आवारात जाऊन पडते. आपलं नेमकं चुकलं काय, हे त्या माणसाला बऱ्याचदा शेवटपर्यंत उमगत नाही.

चुकतं ते असं. आपण आधी झाड बघतो, जमीन बघतच नाही. वाळकी फांदी सगळीकडे सारखीच दिसते. पण ती राखीव वनात पडली आहे, गायरानात पडली आहे की आपल्या बांधावर, यावर ती उचलायची की नाही हे ठरतं.

राखीव वनात, म्हणजे रिझर्व्ह फॉरेस्टमध्ये, भारतीय वन अधिनियम 1927 चा हिशेब सरळ आहे: ज्याला परवानगी किंवा नोंदलेला हक्क आहे तेवढंच चालतं, बाकी सगळं मना. झाड तोडणं तर राहोच, फांद्या खच्ची करणं, साल काढणं, पाला ओरबाडणं हेही गुन्ह्यात येतं. संरक्षित वनात उलट आहे. तिथे नियमाने जे मना केलंय ते सोडून बाकीची मुभा असते. पण मना केलेल्यांची यादी लांबलचक असते, त्यामुळे 'संरक्षित आहे, चालतंय' या भरवशावर कुऱ्हाड घेऊन जाऊ नका. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 लागू होतो. तिथली काटकीसुद्धा परवान्याशिवाय उचलायची नाही.

हद्द ओळखायची कशी? दगड रचून चुना मारलेले बुरूज दिसले की पलीकडे वन खात्याची जमीन. बुरूज ढासळले असतील, झुडपात गेले असतील, तर गावच्या वनरक्षकाला विचारा. गावात अजून त्याला गार्डच म्हणतात. डोक्यावर मोळी घेऊन त्याच्यासमोर उभं राहण्यापेक्षा रिकाम्या हाताने उभं राहून विचारणं केव्हाही सोपं. बऱ्याच ठिकाणी पडलेलं, वाळलेलं लाकूड घरच्या चुलीपुरतं डोक्यावर आणू देतात. पण कुठल्या कक्षातून, म्हणजे वनाच्या कुठल्या तुकड्यातून, आणि कुठल्या दिवसांत, हे तिथल्या तिथेच विचारलेलं बरं. नवीन रोपवण असलेल्या कक्षात तर वाळकी काडी आणायलाही जाऊ नये. पायाखाली काय तुडवलं जातं ते दिसत नाही.

विदर्भातल्या वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतलं झुडपी जंगल वर्षानुवर्षं 'महसूलचं आहे, आपलंच आहे' असं धरलं जायचं. 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमीनच समजायच्या असा निकाल दिला. त्यामुळे तिथली झुडपं साफ करून नेणं ही आता किरकोळ गोष्ट राहिलेली नाही. तुमच्या गावाला निस्ताराचे, म्हणजे घरगुती गरजेपुरतं जळण-चारा घ्यायचे, हक्क असतील तर तलाठ्याकडे निस्तारपत्रक बघायला मागा. कुठल्या गटातून जळण आणायचं, कुठे गुरं चारायची, हे त्यात लिहिलेलं असतं. आजोबा सांगतात त्यापेक्षा कागदावर कधी कमी निघतं, कधी जास्तही निघतं.

गायरानाची मालकी सरकारची, देखभाल ग्रामपंचायतीची. तिथलं झाड उन्मळून पडलं तर 'आधी कुऱ्हाड ज्याची त्याचं लाकूड' असं होत नाही. पंचायतीला कळवायचं आणि ती लिलाव करील नाहीतर वाटून देईल. रस्त्याकडेची झाडं ज्याचा रस्ता त्याची: कुठे बांधकाम विभाग, कुठे जिल्हा परिषद. नगरपरिषदेच्या हद्दीत तुमचं शेत आलं असेल तर तिथे 1975 चा शहरी वृक्ष कायदाही लागतो, हे अनेकांना नोटीस आल्यावरच कळतं. देवराईबद्दल मी सांगायची गरज नाही. तिथला पाचोळासुद्धा उचलायचा नाही, हे आपल्याकडे कायद्याच्या आधीपासून पाळलं जातंय.

आता लाकडाबद्दल. जमिनीवर पडलेलं, काडकन मोडणारं, साल सुटलेलं ते सरपण. उभं वाळलेलं झाड मात्र आपलं म्हणू नका. त्याच्या ढोलीत पोपट, पिंगळे राहतात, सुतारपक्षी त्याच्यावर जगतो. शिवाय वठलेलं दिसणारं झाड चैत्रात पालवी फोडतं, असंही होतं. पळस, सावर, मोई ही झाडं माघात बघाल तर मेलेलीच वाटतात. नखाने साल जरा खरवडा, आतून हिरवं निघालं की हात मागे घ्या.

यावरून एक जुनी खोड आठवली. काही जण गुडघ्याच्या उंचीवर झाडाची साल गोल सोलून ठेवतात. वर्ष-दीड वर्षात झाड वाळतं, आणि मग 'वाळकंच तर तोडलं' म्हणायला मोकळे. वनरक्षकाला हा वळसा शंभर पावलांवरून ओळखू येतो, आणि असं साल काढणं कायद्यात तोडण्याच्याच रांगेत बसवलेलं आहे. जप्तीत लाकडाबरोबर कुऱ्हाड, गाडी, बैल, ट्रॅक्टर सगळं जातं. दोन मोळ्यांसाठी बैलजोडी गमावायचा व्यवहार कोणत्याच हिशेबात बसत नाही.

वनहक्क कायदा 2006 लागू असलेल्या गावांचं चित्र वेगळं आहे. या कायद्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू, झुडपी लाकूड आणि खुंटसुद्धा धरले आहेत. इमारती लाकूड धरलेलं नाही. सुरुवातीला, 2008 च्या नियमांत, हे वनोपज डोक्यावर, सायकलवर किंवा हातगाडीवर आणायची सोय होती. 2012 च्या दुरुस्तीने योग्य त्या वाहनाने न्यायची मुभा मिळाली. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि 27 एप्रिल 2011 रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. तेव्हापासून हा विषय कागदावरून गावात उतरला. तुमच्या गावाला सामूहिक हक्क मिळाला असेल तर ग्रामसभेने सरपणाचे काय नियम केलेत ते आधी वाचा. ग्रामसभेचे नियम मोडणाऱ्याला रेंजरपेक्षा शेजारीच जास्त सुनावतात, आणि ते बरंच आहे. हक्क मिळालेला नसेल तर दावा दाखल करायला ग्रामसभेला कोणी अडवलेलं नाही.

फाल्गुनात होळी येते. कोकणात होळीसाठी कुठे आंबा, कुठे पोफळ, कुठे सावर उभी करतात. मानाचं झाड असतं, त्याबद्दल वाद नाही. पण आंबा अनुसूचित, म्हणजे कायद्याच्या यादीतलं, परवान्याशिवाय तोडता न येणारं झाड आहे, आणि गावकीने ठरवलं म्हणून परवानगी मिळाली असं होत नाही. ज्याच्या जमिनीतलं झाड त्याची संमती आणि वृक्ष अधिकाऱ्याचा परवाना, दोन्ही होळीच्या पंधरा दिवस आधी हाताशी ठेवा. सरकारी वनातलं झाड होळीला आणू नकाच. आणि होळीत टाकायला लोकांच्या कुंपणाच्या काट्या, खाटा पळवायची जी मजा आहे, तिचा शेतकऱ्याला काय त्रास होतो ते ज्याचं कुंपण गेलं त्यालाच विचारा.

स्वतःच्या बांधावरचं झाड तरी आपलं ना? आपलंच, पण सगळीच झाडं विनापरवाना तोडता येत नाहीत. महाराष्ट्र झाडे तोडणे विनियमन अधिनियम 1964 मध्ये 16 झाडं अनुसूचित आहेत: साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, खैर, चंदन, ऐन, किंजळ, बीजा, हळदू, तिवस, अंजन आणि खाडीकाठची तिवरं. यातलं कुठलंही झाड स्वतःच्या शेतातलं असलं तरी परवाना घेऊनच तोडायचं. बाभूळ, निलगिरी, सुबाभूळ या यादीत नाहीत. आदिवासी खातेदारांनी झाडं विकताना 1969 चा वेगळा कायदा लक्षात ठेवावा. परस्पर व्यापाऱ्याशी सौदा करून झाडं देता येत नाहीत, आणि तो नियम तुमच्या फायद्याचा आहे.

पडलेल्या झाडाच्या बाबतीत मी स्वतः फसलो आहे. वळवाच्या वादळात आमच्या बांधावरचा साग मुळासकट आडवा झाला. तोडला तर नव्हता, पडला होता, तेव्हा कागद कशाला, असं समजून मी ओंडके पाडले, फांद्या सरपणाला वेगळ्या काढल्या आणि ट्रॉली भरून घराकडे निघालो. नाक्यावर अडवलं. सातबारा नाही, पंचनामा नाही, ओंडक्यावर वन खात्याच्या हातोड्याचा शिक्का नाही. रात्र ट्रॉलीवर बसून काढली, आणि सोडवायला पुढे कितीतरी हेलपाटे पडले. लाकूड आपलं असल्याचं सिद्ध आपणच करायचं असतं, हे त्या रात्री डासांनी चांगलं शिकवलं. तेव्हापासून माझा शिरस्ता असा: झाड पडलं की हात लावायच्या आधी बुंधा, बांध आणि मागचं ओळखू येणारं काहीतरी एकाच फोटोत घ्यायचं, तलाठ्याला आणि वनपालाला कळवायचं, सातबाऱ्यावर झाडाची नोंद आहे का ते बघायचं. नोंद नसेल तर झाड उभं असतानाच करून घ्या. पडलेल्या झाडाची नोंद कोणी करत नाही. बांबूचं मात्र सोपं झालंय: 2017 च्या दुरुस्तीने वन अधिनियमातल्या 'झाड' या व्याख्येतून तो निघाला, त्यामुळे शेतातला बांबू तोडताना तो जाच राहिलेला नाही.

15 फेब्रुवारी ते 15 जून हा वन विभागाचा वणव्याचा हंगाम. या काळात सरपणाला जाताना बिडी-काडी घरी ठेवा, रानात चहा करू नका. मोह वेचणाऱ्यांनी झाडाखालचा पाला जाळण्याऐवजी झाडून बाजूला करावा किंवा जुनी साडी अंथरावी, फुलं स्वच्छही मिळतात. ज्याला वनातून काही घ्यायचा हक्क किंवा परवानगी आहे, त्याने वणव्याची खबर देणं आणि विझवायला हात लावणं हे कायद्यानेच बंधन आहे. धूर दिसला की 1926 वर फोन करा.

आता थोडं शेताकडे बघू. कपाशीवाल्यांच्या दारात सरपण पडलेलंच असतं: पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं. पण त्यांचा एक घोळ आहे. पऱ्हाटीला राहिलेल्या किडक्या, अर्धवट उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी झोपून राहते आणि बांधावर रचलेल्या पऱ्हाट्यांतून पुढच्या हंगामात थेट शेतात उतरते. कृषी विभाग पऱ्हाट्या रचू नका म्हणून कानीकपाळी ओरडतो ते यासाठी. जाळायच्याच असतील तर राहिलेली बोंडं खुडून नष्ट करा, पऱ्हाट्या शेतापासून लांब ठेवा आणि माघ ते वैशाख चुलीला आधी याच लावून संपवा. पावसाळ्यासाठी तुराट्या आणि लाकूडफाटा राखा. मृगाला दारात एकही पऱ्हाटी उरता कामा नये.

आणि दोन वर्षांनी रानात जायची वेळच येऊ नये असं वाटत असेल तर पावसाच्या तोंडावर बांधाला गिरिपुष्पाचे फाटे लावा. हातभर लांबीचे, अंगठ्यापेक्षा जाड, वीतभर जमिनीत. पाला खताला, काटक्या चुलीला, आणि छाटलं की पुन्हा फुटतं. छाटताना कोयत्याचा घाव तिरका आणि एकाच दमात बसला पाहिजे. खोड फाटलं तर पाणी मुरतं आणि फुटवे कमजोर येतात.

रानातून मोळी आणताना बिब्ब्याची फांदी चुकूनही घेऊ नका. चीक लागला की अंगावर फोड उठतात, आणि ते लाकूड चुलीत गेलं तर धुराने तोंड सुजतं. ओल्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं, त्यामुळे आणल्या आणल्या जाळलं तर धूर जास्त, आच कमी. जाड लाकूड फोडूनच वाळवा. टोकांना भेगा पडल्या, साल सुटली आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटल्यावर ठणठण वाजलं की तयार झालं समजा.

रचताना खाली दोन दगडांवर आडवे वासे टाका, थर जमिनीला टेकू देऊ नका, वाळवी तिथूनच चढते. भिंतीपासून वीतभर अंतर सोडा. सावली आणि उंदीर दोन्ही मिळाले की फुरसं आणि मण्यार सरपणात येऊन बसतात. कोकणात फुरशाचे दंश असेच होतात: संध्याकाळी, चुलीची वेळ झालेली, बाई अंधारात ढिगात हात घालते. दुसऱ्या दिवसाचं सरपण आदल्या दुपारीच उन्हात काढून ठेवा, आणि काढताना आधी काठीने ढीग हलवा.