खाणीच्या पाण्यातले रेअर अर्थ मोजताय? मग या चुका टाळा

खाणीतून झिरपणारं आंबट पाणी बघितलं की नजर आधी केशरी गाळावर जाते आणि पहिली चूक तिथेच होते. केशरी म्हणजे लोखंड. ते पीएच ३ च्या आसपासच खाली बसायला लागतं, पण रेअर अर्थ, म्हणजे लँथेनमपासून ल्युटेशियमपर्यंतची धातूंची मंडळी (इट्रियम आणि स्कँडियमही यांच्यातच धरतात), तेव्हा अजून पाण्यातच असतात, कारण पाण्यात सल्फेट भरपूर असतं, त्याच्याशी जोडी करून ती विरघळलेली राहतात, आणि लोखंडाच्या कणांवरही इतक्या आंबट पाण्यात धन प्रभारच असतो, मग धन प्रभाराचे रेअर अर्थ त्यांना चिकटणार कसे? खरा खेळ पीएच ४.५ ते ५ ला सुरू होतो, जेव्हा अ‍ॅल्युमिनियमचा पांढरा गाळ बसतो. रेअर अर्थ त्याच्यावर चिकटत जातात, बहुतेक वेळा जड, म्हणजे ल्युटेशियमकडची मंडळी आधी. म्हणून केशरी गाळाचा आकडा कमी आला की “इथे काही नाही” असं लिहून मोकळं होऊ नका, पांढरा गाळ शोधा. मला विचाराल तर या विषयात लोखंडापेक्षा अ‍ॅल्युमिनियमकडे लक्ष ठेवणारा माणूस कमी चुकतो.

एक अपवाद आहे, स्कँडियम. ते लोखंडाबरोबर लवकर बाहेर पडतं, त्यामुळे स्कँडियमसकट सगळ्यांची एकच बेरीज करून पीएचशी ग्राफ काढला तर तो गोंधळातच टाकणार.

आता सॅम्पल. सगळ्यात जास्त डेटा इथेच वाया जातो आणि याचं खरंच वाईट वाटतं, कारण नंतर कुठलंही मशीन ते दुरुस्त करू शकत नाही. आधी ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर, तोही जागेवरच, आणि मग नायट्रिक अ‍ॅसिड घालून पीएच २ च्या खाली. उलटं केलं, म्हणजे आधी अ‍ॅसिड घातलं, तर तरंगणारे कण विरघळून आकडा फुगतो. दोन्ही संध्याकाळपर्यंत पुढे ढकललं तर बाटलीतलं फेरस लोखंड हवेने फेरिक होतं, गाळ बसतो, आणि पाणी पीएच ६ च्या आसपासचं असेल तर रेअर अर्थ त्या गाळाबरोबर तळाला. पीएच ३ च्या पाण्यात नुकसान कमी होतं, पण सवय एकच ठेवा. पीएच पण जागेवरच मोजायचा, लॅबमधला पीएच हा बाटलीचा असतो, ओढ्याचा नाही. आणि हो, ०.४५ मधून कोलॉइड, म्हणजे पाण्यात तरंगणारे अतिसूक्ष्म कण, निसटतातच, म्हणून न्यूट्रल पाण्यातलं “विरघळलेलं” सगळं खरंच विरघळलेलं असतं असं धरू नका.

खाणीच्या पाण्याला दुसरा ओढा येऊन मिळाल्यावर आकडा निम्मा झाला, म्हणजे रेअर अर्थ गाळात गेले? नाही, कदाचित पाणी नुसतं पातळ झालं असेल. सल्फेटने भागून बघा, गुणोत्तर तेच राहिलं तर पातळ झालंय, घसरलं तर काढून घेतलं गेलंय. चुना घातला असेल तर मात्र सल्फेट जिप्समच्या रूपात बसू शकतं, तिथे क्लोराइड बरं पडतं.

ग्राफ कच्च्या आकड्यांचा काढला तर करवतीसारखा दिसतो, कारण सम अणुक्रमांकाची मूलद्रव्यं शेजारच्या विषमांपेक्षा जास्त असतात. शेल नावाच्या गाळाच्या खडकाच्या प्रमाणित आकड्यांनी भागा, आणि सगळीकडे एकाच शेलचे आकडे वापरा. मग आंबट खाणपाण्यात समॅरियम ते डिस्प्रोशियमच्या भागात जो उंचवटा दिसतो तो बऱ्याचदा खराच असतो, त्याला चूक समजून पुसू नका.

युरोपियमचा एकट्याचाच टोकदार काटा दिसला तर मात्र आधी बेरियम तपासा. आयसीपी-एमएसमध्ये, म्हणजे अणू त्यांच्या वजनावरून ओळखणाऱ्या मशीनमध्ये, बेरियम १३५ ला ऑक्सिजन १६ चिकटला की वजन १५१ होतं, म्हणजे हुबेहूब युरोपियम १५१ (१५३ चंही असंच, बेरियम १३७ मुळे). सल्फेटच्या पाण्यात बेरियम बहुतेक कमी असतं, पण खालच्या न्यूट्रल ओढ्यात ते वर येऊ शकतं. गॅडोलिनियमचा काटा असेल तर वरच्या बाजूला सांडपाणी मिसळतंय का बघा, एमआरआयच्या वेळी देतात त्या औषधात ते असतं. आणि पाण्यात सेरियम एकटंच कमी असेल तर दगडांवरचा काळा मँगनीजचा थर बघा, तो सेरियमचा प्रभार +३ वरून +४ करून त्याला धरून ठेवतो.

गाळातून रेअर अर्थ काढायचे असतील तर चुना एकदम घालून पीएच ८ ला नेऊ नका, सगळंच एका ढिगात बसतं आणि रेअर अर्थ लोखंड-जिप्सममध्ये हरवतात. आधी ४.५ पर्यंत न्या, तो गाळ वेगळा करा, मग वर. आणि दोन्ही गाळ आणि उरलेलं पाणी मिळून बेरीज जुळली नाही, तर मशीनला दोष देण्याआधी रिकाम्या केलेल्या सॅम्पलच्या बाटलीला आतून अ‍ॅसिडने धुवून ते धुवणाचं पाणी मोजून बघा, रेअर अर्थ बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटून बसलेले असू शकतात.