फौजी नवऱ्याशी घटस्फोट: सही करण्याआधी पेन्शनचं बघा

घटस्फोटाची डिक्री (कोर्टाचा अंतिम हुकूम) झाली की पत्नीचा फॅमिली पेन्शनवरचा, म्हणजे नवऱ्याच्या मृत्यूनंतर कुटुंबाला मिळणाऱ्या पेन्शनवरचा, हक्क संपतो, मग संसार वीस वर्षांचा का असेना. समझोत्यात ‘पेन्शनचा अर्धा वाटा देईन’ असं लिहून घेतलं, तरी नवऱ्याच्या मृत्यूनंतर सरकार त्या कागदावर पैसे देत नाही. म्हणून जे मिळवायचं ते डिक्रीआधी.

नवरा नोकरीत असेल तर कोर्टाची वाट बघू नका. त्याच्या सीओकडे (युनिटच्या कमांडिंग ऑफिसरकडे) पोटगीचा अर्ज करा. आर्मी ॲक्टच्या कलम ९१ खाली (अधिकारी असेल तर ९०) पगारातून थेट कपात होते: पत्नीसाठी कमाल २२ टक्के, प्रत्येक मुलासाठी ५.५, सगळं मिळून ३३ टक्क्यांपर्यंत. त्याचा नंबर, रँक, युनिट, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि तुमचं पासबुक जोडा. युनिट माहीत नसेल तर त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावातच आहे. कोर्टाने पोटगी ठरवली तरी आर्मी ॲक्टच्या कलम २८ मुळे फौजीचा पगार कोर्टाला जप्त करता येत नाही. आदेशाची प्रमाणित प्रत युनिटला पाठवून कपात मागावी लागते. इथेच अनेकींची थकबाकी साचते.

रिटायर झालेल्याचं पेन्शन सावकाराला जप्त करता येत नाही, पण पोटगी मागणारी पत्नी सावकार नव्हे, असं उच्च न्यायालयांनी म्हटलं आहे. तेव्हा वसुलीच्या अर्जात पेन्शन जरूर लिहा.

पोटगीच्या दाव्यात दोघांनाही मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्याचं नीट तपासा. हातात येणारं पेन्शन कमी दिसतं, कारण ५० टक्क्यांपर्यंत पेन्शन विकून एकरकमी पैसे घेतलेले असतात आणि तो भाग १५ वर्षांनी परत सुरू होतो. म्हणून पीपीओवरचा (पेन्शन मंजुरीच्या आदेशावरचा) मूळ आकडा मागा. ग्रॅच्युइटी, एएफपीपी फंड (फौजींचा प्रॉव्हिडंट फंड) आणि आर्मी ग्रुप इन्शुरन्सची रक्कमही विचारा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नवरा गेल्यानंतरची सोय. एकरकमी पोटगी घ्या, नाहीतर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली त्याच्या जमिनीवर किंवा घरावर बोजा मागा आणि तो आरटीसी उताऱ्यावर (कर्नाटकातला सातबारा) चढल्याची खात्री करा. नुसत्या मासिक पोटगीच्या भरवशावर सही करू नये. त्याच कायद्याच्या कलम १० ची न्यायिक विभक्तता (घटस्फोट न घेता वेगळं राहण्याचा कोर्टाचा हुकूम) घेतली तर लग्न टिकतं, पण एक वर्ष एकत्र नांदणं झालं नाही तर दोघांपैकी कोणीही त्याच आधारावर घटस्फोट मागू शकतं.

मुलांचा हक्क वेगळा आहे. तुमचा घटस्फोट झाला आणि त्याने दुसरं लग्न केलं, तरी तुमच्या वाट्याचं फॅमिली पेन्शन पात्र मुलांना २५ वर्षांपर्यंत मिळू शकतं. त्याआधी लग्न किंवा कमाई सुरू झाली तर थांबतं. त्यासाठी मुलांची नावं पार्ट टू ऑर्डरमध्ये (जवानाच्या कुटुंबाची लष्करी दप्तरातली नोंद) असायला हवीत. नसतील तर आत्ताच नोंदवून घ्या.

सासर खानापूरला आणि माहेर चंदगडला असेल तर जिथे राहता तिथल्या कोर्टातही दावा लावता येतो. बेळगावात लावलात तर मराठी कागदांची कन्नड किंवा इंग्रजी भाषांतरं आधीच करून ठेवा. जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाचा वकील बाईला उत्पन्न न बघता मोफत मिळतो. समन्स जुन्या पत्त्यावर जाऊन एकतर्फी डिक्री झाली, तर कळल्यापासून ३० दिवसांत ती रद्द करण्याचा अर्ज द्या.