बर्फातले बूट: माप, मोजे आणि पायाची ऊब

बर्फातून चालताना पाय गार पडले की आपल्याला वाटतं, बूट पुरेसा जाड नाही. पण बूट स्वतः ऊब तयार करत नाही. ती येते पायात वाहणाऱ्या रक्तातून. बूट फक्त ती बाहेर जाऊ देत नाही. महागातला बूटही घोट्याशी किंवा चवड्यावर आवळला गेला तर रक्त बोटांपर्यंत नीट पोहोचत नाही, आणि मग अस्तर कितीही जाड असून उपयोग नाही. मी एकदा थंडीच्या धाकानं जाड लोकरी मोज्यांचे दोन जोड चढवले आणि बूट कसाबसा ओढून बांधला. तासाभरात बोटं बधिर. एक जोड काढला तेव्हा कुठे त्यांत जीव आला.

१. माप संध्याकाळी घ्या

दिवसभरात पाय थोडे सुजतात, चढ-उतारानं आणखी. सकाळी बेताचा वाटलेला बूट दुपारी चावायला लागतो. दुकानात जाताना बर्फात जे मोजे घालणार तेच बरोबर न्या. दोन्ही पाय क्वचितच सारखे असतात, म्हणून माप मोठ्या पायाचं घ्यायचं.

आधी बुटातला सुखतळा काढून जमिनीवर ठेवा आणि मोजे घालून त्यावर उभे राहा. पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा उरायला हवी. चवडा दोन्ही बाजूंनी सुखतळ्याबाहेर जात असेल तर मोठा नंबर मागू नका, रुंद ठेवणीचा बूट मागा. नंबर वाढवला की लांबी वाढते, टाच सैल पडते आणि फोड येतात.

मग सुखतळा परत घालून, लेस न बांधता पाय पुढे सरकवा, बोटं टोकाला टेकू द्या. टाचेमागे हाताचं एक बोट सहज गेलं पाहिजे. दोन बोटं सहज जात असतील तर बूट मोठा आहे.

२. उतारावर तपासा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. लेस नीट बांधून उताराच्या फळीवर किंवा जिन्यावरून खाली चाला, पाय जरा आपटत. बोटं पुढे धडकली तर तो बूट घेऊ नका. मोठ्या उतरणीनंतर नखं काळी पडतात ती याच धडकेनं. चढताना टाच किंचित उचलली तर चालेल, बूट मऊ झाला की ते कमी होतं. बुटाच्या आत बोटं मोकळेपणानं हलली पाहिजेत. दुकानात निदान पंधरा मिनिटं फिरा. विक्रेत्याला घाई असेल तर असू दे.

३. ऊब किती हवी ते ठरवा

काही बुटांवर २०० ग्रॅम, ४०० ग्रॅम असे आकडे असतात. हे बुटाचं वजन नव्हे, तर उबदार अस्तराच्या दर चौरस मीटरचं वजन. सतत चालणाऱ्याला २०० ग्रॅम बहुधा पुरतं. जास्त घेतलं तर पायाला घाम येतो, आणि थांबल्यावर तोच घाम पाय गारठवतो. बर्फात बराच वेळ उभं राहायचं असेल, तर मात्र ४०० किंवा अधिक.

४. मोजे

सुती मोजे नकोत. सूत घाम पितं आणि ओलंच राहतं. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं उष्णता ओढून नेतं. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब राखते. एक पातळ आणि त्यावर एक मध्यम लोकरी जोड चालतो, पण दोन्ही घालून बूट आवळला जाणार नसेल तरच. सुका जोड पिशवीत नेहमी हवा.

थंडी तळव्यातूनही चढते. लोकरीचा किंवा नमद्याचा (दाबून घट्ट केलेल्या लोकरीचा) सुखतळा टाकून बघा, मात्र त्यानं बुटातली जागा कमी होते हे लक्षात घेऊन.

५. लेस दोन भागांत बांधा

चवड्यावर सैल, घोट्याशी पक्की. दोन्हींच्या मध्ये लेसला दोनदा पीळ द्या, म्हणजे खालचा सैलपणा वर सरकत नाही. उतरणीआधी घोट्याशी थोडं आवळा. बूट दिवसभर एकाच ताणावर ठेवणं हा आळस आहे, आणि तो पायांना महाग पडतो.

६. वाटेवर

पाय गार वाटू लागले तर आधी लेस सैल करा, टोपी घाला, काहीतरी खा. अंग गार पडलं की शरीर हातापायांचं रक्त कमी करून मधल्या भागाला पुरवतं, म्हणून कानटोपी पायांच्याही कामाची. बर्फ बुटात शिरत असेल तर गेटर, म्हणजे बुटावरून पोटरीपर्यंत येणारी आवरणं, बांधा.

मुंग्या थांबून बोटं एकदम बधिर झाली, कातडी पांढुरकी किंवा मेणासारखी दिसली, तर चालत राहून बघू म्हणू नका. बर्फानं चोळू नका, शेकोटीजवळही नेऊ नका. बधिर कातडीला चटका कळत नाही. निवाऱ्याला जा, बूट-मोजे उतरवा, कोरडं करा, आणि डॉक्टर गाठा.

७. रात्री

सुखतळे काढा, बुटात कागदाचे बोळे कोंबा, ओले झाले की बदला. विस्तवाजवळ ठेवलेल्या बुटाचा डिंक सुटतो, चामडं तडकतं. तंबूत असाल तर बूट पिशवीत घालून झोपायच्या पिशवीत पायाशी घ्या. वास येतो, पण इलाज नाही. आणि लेस पूर्ण सैल करून ठेवा. ओला बूट आवळलेला गोठला तर पहाटे त्यात पाय शिरतच नाही.